सगळी अक्षरं येतात, पण वाचता येत नाही

(भागाचा मजकूर. बोलताना जिथं अडखळलो, चार-चार वेळा 'म्हणजे, म्हणजे' केलं, तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागचे दोन भाग इंटरव्ह्यू आणि पगार यावर झाले, त्यामुळे आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा कोड लिहिणारा माणूस, ह्याला दुसरी-तिसरीच्या पोरांच्या वाचनाचं काय पडलंय? पडलंय. घरातलीच गोष्ट आहे. आणि खरं सांगू का, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातली असेल, फक्त तुम्ही अजून त्या पोराला समोर बसवून एक ओळ वाचायला लावलेली नसेल.

एप्रिलमध्ये गावी गेलो होतो. आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. बीडबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परत. माझे आईवडील पण काही वर्षं गेले, मी आजीजवळ राहिलो म्हणून शाळेत टिकलो. माझा चुलत भाऊ आणि वहिनी आजही जातात. त्यांची मुलगी आठ वर्षांची. दुसरी संपवून तिसरीत जाणार होती. संपवून म्हणजे कागदावर. दिवाळीपासून होळीपर्यंत ती फडावर होती, कोपीत बसून धाकट्या भावाला सांभाळत.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, ये बरं, काय काय येतं बघू. तिनं मुळाक्षरं धडाधड म्हणून दाखवली. बाराखडी तर सुरात. कुठल्याही अक्षरावर बोट ठेवा, बरोबर सांगायची. मी खूश. मग पाटीवर एक साधी ओळ लिहिली: उंदीर म्हणाला, मी इथे नाही.

"उं… दी… र. उंदीर." छान. पुढं 'म्हणाला'. तिथं गाडी थांबली. "म… अर्धा म… ह… मह… ना…" मी सांगितलं नाही, म्हटलं जमेल तिला. खाली मान घालून ती दोन मिनिटं त्या एका शब्दाशी झगडली. कशीबशी 'नाही' पर्यंत पोचली. मी विचारलं, कोण म्हणालं असं? तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कोन काय म्हनलं, काका?"

उंदीर तिच्या डोक्यातून कधीच निघून गेला होता.

दादा खाटेवर बसून हे सगळं बघत होता. तो तिला रागावला नाही. मला म्हणाला, "नाव हाय साळत, अन् एक ओळ येईना. मग हितं म्हातारीपशी ठिवून काय करायचं? नेतो यंदाबी. पोरगं तरी संभाळल." त्याचं म्हणणं चूक आहे असं मला लगेच म्हणता आलं नाही. मी पुण्यात बसून भाषण द्यायचं आणि फडावर पोर सांभाळायला माणूस त्यानं कुठून आणायचं? पण एक गोष्ट डोक्यात बसली. ह्या पोरीचा निकाल दसऱ्याच्या आत लागणार होता, आणि तो 'म्हणाला' सारख्या शब्दांवर लागणार होता.

पुण्याला परत आल्यावर नेहमीप्रमाणे नेटवर शोधलं. इंग्रजीत 'साईट वर्ड्स' नावाचा मोठा प्रकार आहे. साईट वर्ड म्हणजे दिसताक्षणी ओळखायचा शब्द, अक्षर-अक्षर न लावता. एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९३६ साली २२० शब्दांची यादी काढली. त्यात कुत्रा, मांजर, घर असली नावं नाहीतच, नामांची यादी त्यानं वेगळी केली. ह्या २२० मध्ये 'द', 'वॉज', 'सेड', 'देअर' असले शब्द. पुस्तकात ते सारखे येतात, त्यांचं चित्र काढता येत नाही, आणि इंग्रजी स्पेलिंगचा कारभार असा की अक्षरं लावून त्यातले बरेचसे जमतच नाहीत. म्हणून पाठ करा.

हे वाचून मी म्हटलं, मराठीला ह्याची गरज काय? आपल्याकडं लिहितो तसं वाचतो. 'क' ला काना 'का', विषय संपला. आपली लिपी शास्त्रीय वगैरे वगैरे, लहानपणापासून ऐकतोय.

हे अर्धंच खरं आहे. 'बसला' हा शब्द घ्या. लिहितो ब-स-ला, म्हणतो 'बस्ला'. मधला 'स' अर्धा म्हणायचा हे कागदावर कुठंही लिहिलेलं नाही. 'चार' आणि 'चाक' मध्ये 'च' एकच दिसतो, आवाज दोन. तुम्हाला-मला हे कळतं, कारण आपण शब्द आधीच ओळखलेला असतो आणि मग उच्चार करतो. जी पोर अजून अक्षरं लावतेय ती इमानदारीत 'ब… स… ला' म्हणते आणि तिच्या कानाला तो ओळखीचा शब्द वाटतच नाही.

दुसरी गोष्ट चिन्हांच्या संख्येची. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडं तीसच्या वर व्यंजनं, गुणिले बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास आकार झाले, आणि जोडाक्षरं अजून मोजलीच नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर याचा अभ्यास केलाय. कन्नड लिपीची रचना आपल्यासारखीच. त्यांना असं दिसलं की सगळी अक्षरचिन्हं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. मग ज्या लेकराची पाच महिने शाळाच नाही त्याला तिसरीच्या आत सगळं यावं, ही अपेक्षा कुठून आली?

तर म्हटलं, आपणच यादी काढू. आपल्याला तेवढंच येतं. लहान मुलांची पुस्तकं जमवली. काही पीडीएफ जुन्या फॉन्टमधल्या होत्या, त्यातून मजकूर कॉपी केला की नुसता कचरा यायचा. त्या गोष्टी शेवटी दोन रात्री बसून हातानं टाईप केल्या. मग पायथनमध्ये दहा ओळींची स्क्रिप्ट: शब्द तोड, मोज, उतरत्या क्रमानं लाव. चालवली. पहिला नंबर कुणाचा? 'त'. दुसरा 'ह'. मी बघतच राहिलो. 'त' हा शब्द कुठं असतो?

जे कोड लिहितात त्यांना हसू आलं असेल. शब्द शोधायला मी रेगेक्समध्ये नेहमीचं 'बॅकस्लॅश डब्ल्यू' वापरलं होतं. पायथनच्या साध्या रेगेक्स लायब्ररीत ते काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर समजतच नाही. त्यामुळं तो, ती, ते, तू सगळ्यांचे 'त' झाले. 'आहे' चं 'आह' झालं. आणि 'म्हणाला' चे तीन तुकडे: म, हण, ल. युनिकोडमध्ये हा शब्द सात तुकड्यांचा आहे: म, हलन्त, ह, ण, काना, ल, काना. मी रात्री एक वाजता स्क्रीनकडं बघत होतो आणि मला ओट्यावरची पोरगी आठवली. "म… अर्धा म… ह…" ती हेच तर करत होती! माझी स्क्रिप्ट आणि माझी पुतणी एकाच जागी अडकली होती.

स्क्रिप्ट दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली, रिकाम्या जागेवर तोडा आणि विरामचिन्हं झाडून टाका. पोरीचं तसं नसतं.

यादी नीट आली तेव्हा जे दिसलं ते सांगतो, पण माझे आकडे नको, तुम्ही स्वतःच मोजा. मी तिच्यासाठी लिहिलेली ही पाच ओळींची गोष्ट ऐका:

एक होती मनी. मनी घरात होती. घरात एक उंदीर होता. मनी म्हणाली, तू कुठे आहेस? उंदीर म्हणाला, मी इथे नाही.

एकूण शब्द २०. त्यात मनी ३ वेळा, घरात २ वेळा, उंदीर २ वेळा. झाले ७. उरलेले १३ शब्द काय आहेत? एक, होती, होता, म्हणाली, म्हणाला, तू, मी, कुठे, इथे, आहेस, नाही. कुठल्याही गोष्टीत हेच. मांजराच्या जागी वाघ येईल, घराच्या जागी रान येईल, हे १३ तिथंच राहणार. आणि आपण तक्त्यावर काय शिकवतो? कमळ, बदक, गवत, छत्री. मी आयुष्यात मराठी गोष्टीत 'बदक' किती वेळा वाचलं असेल? 'आणि' किती वेळा?

आता 'म्हणाला' कडं या. जोडाक्षरं शिकवतात सगळ्यात शेवटी, कारण ती अवघड. पण पहिल्या गोष्टीच्या चौथ्या ओळीत कुणीतरी काहीतरी म्हणणारच. तसंच 'त्या', 'त्याला', 'आम्ही', 'तुम्ही'. म्हणजे जे शब्द सगळ्यात आधी लागतात त्यातच सगळ्यात उशिरा शिकवलं जाणारं अक्षर बसलंय. इंग्रजीत 'सेड' पाठ करावा लागतो तो स्पेलिंग वेडंवाकडं म्हणून. मराठीत 'म्हणाला' वर बरोबर तीच वेळ येते, कारण मात्र वेगळं. आपला शिकवण्याचा क्रम आणि गोष्टीतला शब्दांचा क्रम जुळत नाही. माझ्या मते मराठीत साईट वर्ड्सची गरज इथं आहे. दोनशे-तीनशे शब्द पाठ करायची गरज नाही. तीस-चाळीस पुरतात.

हे ऐकून कुणी असं समजू नका की अक्षरं सोडा आणि शब्द फोटोसारखे पाठ करा. मी ती चूक करून झालोय. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला मार्करनं शब्द लिहून नेले. आमच्या घरात लग्नपत्रिका कधी कमी पडत नाहीत. चार दिवसांत पोरीला वीस कार्डं यायला लागली. मी दादाला बोलावून दाखवलं, बघ. धडाधड. दादा पण जरा चमकला. मग मी सहज तोच 'म्हणाला' पाटीवर लिहिला. आला नाही. 'होती' लिहिलं, ती म्हणाली 'होता'. मला कळेना. शेवटी वहिनीच हसायला लागली. म्हणाली, "भावजी, ती मागचा गणपती बघून सांगती." ज्या पत्रिकेवर हळदीचा डाग ती 'म्हणाला', जिच्या मागं मोठा गणपती ती 'होती', कोपरा फाटलेली 'आणि'. पोरगी हुशारच होती. ती फक्त अक्षरं बघत नव्हती.

वाचनावर संशोधन करणारे लोक, लिनिया एहरी यांचं नाव यात मोठं आहे, सांगतात की शब्द डोक्यात चित्र म्हणून बसत नाही. अक्षर आणि आवाज यांची गाठ बसते, त्या गाठींवर शब्द बसतो, आणि मग तो दिसताक्षणी निघतो. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅशे. पहिल्यांदा सगळं कम्प्युट करावंच लागतं. ते बरोबर झालं की कॅशेत जातं, पुढच्या वेळी थेट तिथून येतं. तुम्ही कम्प्युटच केलं नाही आणि नुसता गणपती कॅशे केला, तर दुसऱ्या पाटीवर काय मिळणार? आणि सगळाच वेळ कम्प्युटमध्ये गेला तर रॅम भरते, म्हणून उंदीर विसरतो.

दुसऱ्या फेरीत पद्धत बदलली. कोरी कार्डं, सगळी एकसारखी. एकदम वीस नाही, ओळखीची पाच आणि नवीन दोन. नवीन शब्द आधी मी म्हणायचा, मग तिनं. मग तोडायचा, पण स्क्रिप्टसारखा नाही, तोंडानं तुटतो तसा: म्ह-णा-ला. तीन तुकडे, तीन टाळ्या. 'म्ह' ला एकच आवाज म्हणून धरायचं, 'अर्धा म आणि ह' हे आत्ता सांगायचंच नाही. मग बोटानं मातीत लिहायचा. मग त्याचं वाक्य तिनं करायचं. तिचं पहिलं वाक्य होतं, "मुकादम म्हणाला, चला." मी काही बोललो नाही, तेच लिहून दिलं.

जुळे शब्द मुद्दाम शेजारी ठेवले: होता-होती-होते, तो-ती-ते, मी-मला, आला-गेला. इथं अंदाज चालत नाही, शेवटच्या मात्रेपर्यंत डोळा न्यावाच लागतो. ह्या एका खेळानं मला वाटतं बाकी सगळ्यापेक्षा जास्त काम केलं.

आणि एक गोष्ट इंग्रजी यादीत तुम्हाला सापडणार नाही, ती म्हणजे आपली शेपूट. घर, घरात, घराला, घरातून, घरासाठी. प्रत्येक शब्द वेगळा पाठ करायला गेलात तर आयुष्य संपेल. त्यामुळं शेपट्याच ओळखीच्या करायच्या: ला, त, वर, ने, चा, तून, साठी. मी त्या लाल पेननं लिहायचो. घरा-त, झाडा-वर, आई-ला. चार दिवसांनी लाल पेन बंद. 'पाणी' चं 'पाण्यात' आणि 'माणूस' चं 'माणसाला' होतं तिथं ती अजून अडखळते. तोंडानं मात्र ती हे सगळं तीन वर्षांची असल्यापासून बरोबर बोलतेय, त्यामुळं फार काळजी नाही.

तोंडावरून आठवलं. यावर मला थोडा रागही आहे. 'आहे' हा शब्द ती 'हाय' वाचायची. 'नाही' ला 'न्हाय'. 'पाणी' ला 'पानी'. मी पहिल्यांदा चूक म्हणून थांबवलं, आहे म्हण, आहे. ती गप्प झाली आणि पुढचं वाचेचना. रात्री झोपताना लक्षात आलं की कागदावर 'आहे' लिहिलेलं असताना जी पोर 'हाय' म्हणते तिनं तो शब्द पूर्ण वाचलाय. नुसता वाचला नाही, अर्थ लावून आपल्या बोलीत आणलाय. मी माझ्या शाळेत ह्याच 'हाय' साठी हातावर छडी खाल्लीय, आणि पुढं कॉलेजच्या पहिल्या वर्षी तोंड उघडायची भीती वाटायची ती तिथूनच. तेच मी तिला करत होतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुस्तकात 'आहे' लिहितात, आपण 'हाय' म्हणतो, दोन्ही एकच. ती म्हणाली, "मंग पुस्तकात हाय का लिव्हत न्हाईत?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तुमच्याजवळ तांड्यावरचं गोरमाटी बोलणारं लेकरू असेल तर त्याचं अजून अवघड, त्याला शब्द ऐकूनही ओळखीचा वाटणार नाही. तिथं कार्डाच्या आधी बोलणं, गप्पा, गोष्ट सांगणं.

वेग किती हवा, हा प्रश्न मला पण पडला. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, असं लक्ष्य दिलंय. २०२२ मध्ये एनसीईआरटीनं तिसरीच्या मुलांचं वाचन २० भाषांत तपासलं आणि प्रत्येक भाषेचा मापदंड वेगळा ठेवला. ते बरोबरच आहे, आपला एक 'घरापासून' म्हणजे इंग्रजीचे दोन-तीन शब्द होतात. आणि एकटी माझी पुतणी मागं आहे असंही नाही. 'असर' चा सर्व्हे तुम्ही ऐकला असेल, २००५ पासून गावोगाव घरी जाऊन करतात, आपल्यासारखीच पोरं स्वयंसेवक म्हणून जातात. २०२४ चा देशाचा ग्रामीण आकडा असा की पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त पाचवीला जाऊनही तिथंच अडकलेत.

आम्ही स्टॉपवॉच लावला, पण तिला न दाखवता. फोन उलटा ठेवून. एकच छोटी गोष्ट सोमवारी वाचायची, मंगळवारी तीच, बुधवारी तीच. सोमवारी रखडत, गुरुवारी गाडी रस्त्याला लागते, शुक्रवारी ती आवाज बदलून वाचते, उंदराचा बारीक, मनीचा मोठा. हे आवाज बदलणं मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण अर्थ लागल्याशिवाय ते होतच नाही. पाठ झालंय का वाचतेय, हे बघायला मध्येच एखादा शब्द बदलून द्यायचा. 'मी इथे नाही' च्या जागी 'मी इथे आहे'. जी वाचतेय ती थांबते आणि हसते.

रोज मी गावात नसतो. आजीला वाचता येत नाही. मग हे कसं केलं? व्हॉट्सॲप. मी रात्री गोष्ट हळू वाचून एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकतो. आजीच्या बटणांच्या फोनवर ते चालत नाही म्हणून शेजारच्या बारावीतल्या पोराचा फोन. पोरगी माझा आवाज ऐकते आणि त्याच गोष्टीच्या कागदावर बोट फिरवते. दोनदा ऐकून झालं की ती वाचून मला मेसेज पाठवते. सात-आठ मिनिटांचं काम. आजीचं काम फक्त शेजारी बसून "मंग पुढं काय झालं?" विचारायचं. आजी हे फार मनापासून करते, कारण तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. मी घरी असताना सांगायचं राहिलं की शब्दाला अडली तर तीन-चार सेकंद थांबायचं आणि सांगून टाकायचं. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटं थांबलो होतो ना, ते चूक होतं. ती शिकवण नव्हती, शिक्षा होती.

वाचायला काय द्यायचं, तर स्टोरीवीव्हर नावाची साइट आहे, प्रथम बुक्सची. मराठीत पातळीनुसार गोष्टी फुकट मिळतात, प्रिंट काढता येते. बाकी, आमच्या इथं वाचायला कमी नसतं. एसटीच्या पाट्या, किराणा दुकान, गुटख्याच्या पुडीवरचा इशारा, ट्रॅक्टरच्या मागं लिहिलेले आईचे आशीर्वाद. पेपरचं पान देऊन सांगायचं, 'आहे' ला गोल कर. एका पानावर तिनं इतके गोल केले की आजी म्हणाली, ह्या पेपरवाल्याला दुसरं काय येत न्हाई का.

आता ऊसतोडीचं. गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते, आईबाप गेले तरी पोरं गावातच आजी-आजोबांकडं राहून जेवण आणि शाळा चालू राहावी म्हणून. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला 'शांतिवन' सारखी संस्था अशा मुलांसाठी काम करते. पण प्रत्येक घराचं गणित वेगळं. आमच्या घरात प्रश्न धाकट्याचा आहे, चार वर्षांचा. आई तोडायला लागली की त्याच्याजवळ कोण? हा प्रश्न वाचनाच्या कार्डांनी सुटत नाही, आणि सुटतो असं मी सांगणार पण नाही.

मागच्या महिन्यात दादा एकदा उठून आत गेला, मुकादमाच्या हिशोबाची वही घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवली. स्वतः काहीच बोलला नाही. ती बोट फिरवत वाचायला लागली. उचल. खेप. नाव. एक शब्द तिला लागला नाही, तो मलाही लागला नाही, मुकादमाचं अक्षरच तसं. दादानं वही मिटली आणि म्हणाला, "बरं." बस, एवढंच.

तर सध्या अशी परिस्थिती. आज हे रेकॉर्ड करतोय तेव्हा दसऱ्याला पंधरा दिवस आहेत. ती जाणार की राहणार, दादानं सांगितलेलं नाही. गेली तर फडावर नेटवर्क येईल तेव्हा व्हॉइस मेसेज जातील, त्यासाठी मी तीस गोष्टींची प्रिंट काढून दिलीय. मोठ्या अक्षरात, पानाच्या एकाच बाजूला, मागं गणपती वगैरे काही नाही.

रविवारी फोन केला तेव्हा वहिनीनं कार्डं आणि प्रिंटा एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या होत्या. म्हटलं, वहिनी, म्हणजे ठरलं का न्यायचं? ती म्हणाली, "ठरलं न्हाई, भावजी. हितं ऱ्हायली तर हितं, तिकडं आली तर तिकडं. पिशवी तयार हाय."

चला, भेटू पुढच्या भागात.